भुयार मंडळाचा इतिहास

१० मार्च १९६८, रविवार. चिखली

पोचलो बुवा एकदाचा. खामगावला गाडी बदलताना ट्रंकेची कडी तुटली, ती सुतळीने बांधली. चिखलीला उतरलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेलो. पण आज मला कशाचाच राग येत नाही. बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाला नोकरी लागली की धुळीचंही कौतुक वाटतं. वडिलांना 'ग्रंथपाल' हा शब्द नीट म्हणता येत नाही. ते सगळ्या गावाला सांगत सुटले आहेत की आमचा शालिग्राम पुस्तकाचा सायेब झाला.

वाचनालय धान्यबाजाराच्या मागे आहे. दोन खोल्या, वर टिनं, सात कपाटं, त्यातल्या तीन कपाटांच्या किल्ल्या हरवलेल्या. मागे मोठं मोकळं अंगण, त्यात निंबाचं झाड, आणि कडेला माझी खोली. सकाळी आठ ते बारा आणि दुपारी चार ते सात वाचनालय उघडं. मधले चार तास माझे. निंबाखाली बाज टाकायची आणि वाचत पडायचं. आणखी काय पाहिजे माणसाला?

वाचनालयाचे अध्यक्ष रामरावजी. मोठी अडत आहे त्यांची. चहा पाजला, आडनावावरून गाव काढलं, गावावरून सोयरे काढले, आणि सगळं पटल्यावर म्हणाले की तीन महिने हंगामी, काम पाहून कायम. मी म्हटलं, काम दाखवतोच.

१३ मार्च, बुधवार

काम कळलं, आणि मोठं गमतीचं निघालं. या गावात 'भुयार मंडळ' नावाचं एक प्रकरण आहे. त्याला यंदा दहा वर्षं होतात. एक मेला, महाराष्ट्र दिनी, त्याची स्मरणिका काढायची आहे आणि मंडळाचा इतिहास मी लिहायचा आहे.

भुयार म्हणजे टपालानं खेळायचा खेळ. शेषराव मास्तर म्हणून इथल्या शाळेत ड्रॉइंग शिकवत. त्यांनी मनानं डोंगरातलं एक भुयार रचलं. खेळणाऱ्याला ते पोस्टकार्ड पाठवायचे: आपण अमुक खोलीत आहात, समोर दोन दारं आहेत, कोपऱ्यात रांजण आहे. आणि खाली ठरलेला प्रश्न, 'आता काय करता?' खेळणाऱ्यानं पंधरा दिवसांत उत्तर लिहायचं. त्यावर मास्तर पुढचं कार्ड टाकणार. बस, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीनं मेहकर, मलकापूर, जळगाव जामोदपासून थेट नागपूरपर्यंत त्रेसष्ट माणसं वेडी झाली होती. घरोघर भुयाराचे नकाशे टांगलेले. सायक्लोस्टाइल करून 'मशाल' नावाचं पत्रक निघायचं, त्यात लोक कडाकडा भांडायचे. नकाशेवाले म्हणत खेळ म्हणजे वाट शोधणं, गोष्टीवाले म्हणत खेळ म्हणजे वर्णन. एका रांजणात पाणी होतं की तेल, यावर दोन वर्षं वाद चालला आहे. मी मोठ्यानं हसलो.

आणि सुरुवातीला कुणाचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं! सगळा कारभार टोपणनावावर. मास्तर म्हणजे 'द्वारपाल', आमचे रामरावजी म्हणजे 'वाघनख'. त्यांच्या पोटाकडे पाहिलं की ते नाव पटत नाही, पण मला नोकरी टिकवायची आहे.

२० मार्च, बुधवार

परवा मास्तरांना भेटलो. म्हातारा एकटाच राहतो, हात थरथरतात. म्हणाले, आत गेल्याशिवाय भुयाराबद्दल लिहायचं नाही, हा मंडळाचा रिवाज आहे. टोपणनाव मागितलं. मी म्हटलं, बोका. मास्तर हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

आज बाराच्या टपालानं पहिलं कार्ड आलं. दोन गल्ल्यांवरून टपालानं कार्ड! अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. 'आपण दगडी पायऱ्या उतरून चौकोनी खोलीत आलात. उजवीकडून पाण्याचा आवाज येतो. आता काय करता?' मी लिहिलं, बोका पाण्याकडे जातो.

दार लावण्याचा नियमही मास्तरांनी सांगितला. ज्याला खेळ सोडायचा त्यानं तसं कळवायचं, मग द्वारपाल त्याला आल्या वाटेनं एकेक खोली करून बाहेर आणतो. पण मंडळानं एखाद्याला काढलं तर त्याच्या कार्डावर 'दार लावले' असा लाल शेरा मारतात आणि त्याच्याशी पत्रव्यवहार बंद करतात. तो आतच राहतो. मी विचारलं, असं किती जणांना केलं? मास्तर म्हणाले, एकदाच. आणि पाणी आणायला म्हणून उठून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

२८ मार्च, गुरुवार

माझी तीन कार्डं झाली, तिसऱ्या खोलीत आहे. जुनी फाइल वाचतो आहे आणि एका टोपणनावाच्या प्रेमात पडलो आहे. 'दिवटी'. अहाहा, काय खेळलीय ही असामी! बाकीचे दार दिसलं की शिरतात, दिवटी आधी भिंतीला हात लावून पाहते, ओल आहे का, हवा कुठून येते. पाच वर्षांत सगळे सहाव्या खोलीत येऊन अडकले. तिथं फक्त भिंत. दिवटीनं लिहिलं, भिंतीला ओल आहे, म्हणजे पलीकडे खोली असली पाहिजे. आणि गेली की पलीकडे! 'मशाल'चा तो सबंध अंक तिच्या कौतुकानं भरला आहे. सगळ्यांना वाटे की दिवटी म्हणजे कुणी पेन्शनर मुन्सफ असावेत. 'आदरणीय दिवटीसाहेब' म्हणून पत्रं.

मग त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात मंडळाचं पहिलं संमेलन भरलं, शेगावला. आणि तिथून पुढे दिवटीचं नाव कुठंच नाही. इतिवृत्तातलं ते पान ब्लेडनं कापलं आहे.

३ एप्रिल, बुधवार

मास्तरांना बोलतं केलं. संमेलनात मुन्सफसाहेबांऐवजी तिशीतली एक बाई आली. सिंधूताई, डोणगावच्या प्राथमिक शिक्षिका. सगळे चाट पडले, पण खूष झाले. ताई, ताई करून पंगतीत मधोमध बसवलं. भाजीचं दुसरं वाढप चालू असताना कुणीतरी आडनाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि न विचारता हेही सांगितलं की आम्ही छप्पन साली धम्म घेतला. रामरावांनी वाढप थांबवलं. तिच्या पुढ्यातली पत्रावळ उचलायला लावली. बाई उठली, हात धुतला आणि म्हणाली की पाच वर्षं अंधारात तुम्ही माझ्या मागे चाललात, तेव्हा विटाळ झाला नाही. सातव्या खोलीतून बाहेर यायचा नकाशा ती सगळ्यांना दाखवायला घेऊन आली होती. तो घेऊन तशीच निघून गेली. त्याच संध्याकाळी मंडळानं हात वर करून ठराव केला. दार लावले.

मास्तरांनी मला सुतळीत बांधलेली अकरा कार्डं दिली. शेऱ्यानंतर तिनं पाठवलेली, एकाचंही उत्तर न गेलेली. अक्षर पाटीवर काढल्यासारखं वळणदार. पहिल्यात शांतपणे विचारलं आहे की दार कुणी बंद केलं, कृपया कळवावं. पाचव्यात, 'काडी पेटत नाही.' नवव्यात, 'हवा कमी आहे. मी खेळत नाही. दार उघडा.' वाचताना मला हसू आलं हे लिहून ठेवतो. म्हटलं, बाई नाटकात पाहिजे होती.

संध्याकाळी रामरावांना म्हटलं, हा तर इतिहासाचा गाभा आहे. त्यांनी पान लावलं, चुना पुसला, आणि मग बोलले.

"तिचं नाव स्मरणिकेत नाही येऊन राह्यलं. सातव्या खोलीत वाघनख गेले असं लिहा. तुम्हाले कायम व्हायचं हाये ना?"

मला राग आला. पण तो त्यांना दिसू दिला नाही.

७ एप्रिल, रविवार

मेहकरवरून डोणगावला जाऊन आलो. वाटलं, निदान बाईंना भेटून तरी घ्यावं.

सिंधूताई त्रेसष्टच्याच दिवाळीत वारल्या. घरी त्यांची आई आहे, गीताबाई. स्वच्छ सारवलेलं घर, बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलीचा फोटो. मी मंडळाचा आहे म्हटल्यावर म्हातारीनं मला त्या फोटोसमोर बसवलं. मग काय झालं ते सांगितलं.

"अंगणात होती बाप्पा, निंबाखाली. वारा सुटला होता, धुणं उडत होतं. अन् माही पोरगी म्हणे, माय, दार उघड, जीव घुसमटून राह्यला. कोन्तं दार उघडू मी? अंगणाले कुठी दार असते?"

डॉक्टरनं हृदय म्हणून सांगितलं. नकाशा तिच्यासोबतच दिला, म्हणाली.

मग तिनं पाणी आणलं. पितळी तांब्या, वर फुलपात्र. मी म्हणालो, आत्ताच स्टँडवर प्यालो. का म्हणालो? मी तसा नाही. मी बी.ए. झालेला माणूस आहे, कॉलेजात या विषयावर भाषण केलं आहे, बक्षीस मिळवलं आहे. म्हातारी तांब्या आत घेऊन गेली. मेहकरपर्यंत माझा घसा कोरडा पडला होता. थू माझ्या जिंदगानीवर.

१२ एप्रिल, शुक्रवार

लिहिला. 'सातव्या खोलीत पहिले पाऊल वाघनख यांचे पडले.' एकच वाक्य. बाकी चाळीस पानं शंभर टक्के खरी आहेत. आपल्याला काय, मेलेल्या माणसाला कशाचं सुखदुःख? वडिलांना मी महिन्याभरात नोकरी कायम झाल्याचं कळवणार आहे. दहाच्या गाडीनं मजकूर अकोल्याच्या छापखान्यात गेला.

बाराच्या टपालानं कार्ड. मी तिसऱ्या खोलीत होतो. कार्डात म्हटलं आहे:

'आपण सातव्या खोलीत आहात. दार नाही. एक बाई बसली आहे. वाट तिलाच ठाऊक आहे. मंडळात तिचे नाव घ्या, ती आपल्याला बाहेर नेईल. आता काय करता?'

म्हाताऱ्याचा खोडसाळपणा, म्हटलं. निंबाखाली जाऊन बिडी काढली. काडी ओढली, विझली. दुसरी, विझली. पानसुद्धा हलत नव्हतं, वारा नाही, काही नाही. पेटी ओली असेल. पण एप्रिलात, चिखलीत, पेटी ओली कुठून होणार?

१६ एप्रिल, मंगळवार

कार्ड घेऊन मास्तरांकडे गेलो, चांगलं झापायचं म्हणून. ते म्हणाले की मी तुम्हाला तीनच कार्डं लिहिली, मग हातानं जवाब दिला. मी चौथं पुढे केलं. त्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या हातून गळून पडलं.

तेव्हा मीही नीट पाहिलं. मुंग्यांची रांग नव्हती. वळणदार अक्षर, पाटीवरचं. घरी येऊन त्या अकरा कार्डांशेजारी ठेवलं. शिक्का बारा तारखेचा, चिखलीचाच.

तसाच परत जाऊन मास्तरांना म्हटलं, मला बाहेर काढा, तुमचाच खेळ आहे. ते रडायला लागले.

"सहाच खोल्या माह्या हायेत बाबू. सातवी तिनं रचली. तिथली वाट मले नाही ठाऊक. अन् म्याच शेरा मारला तिच्या कार्डावर."

२२ एप्रिल, सोमवार

आणखी दोन कार्डं. तीच खोली, तीच बाई, तोच प्रश्न. मी लिहिलं, बोका खेळ सोडतो. पत्ता कुणाचा घालू? 'भुयार मंडळ, चिखली' घातला. म्हणजे ते माझ्याच टेबलावर आलं.

दुपारचं वाचनालय बंद असताना कपाटांच्या मागून श्वास ऐकू येतो. हळू, मोजून घेतलेला. कपाटं सरकवली, भिंत आहे. भिंतीला हात लावला. ओल आहे.

स्टोव्ह पेटत नाही. खानावळीत जेवतो. चार पायऱ्या चढलो की दम लागतो. दवाखान्यात दाखवलं, छाती ठणठणीत आहे म्हणाले.

पण तो श्वास ऐकू येतो तोवर एक धीर वाटतो, हे खरं आहे. कुणीतरी आहे.

२७ एप्रिल, शनिवार

स्मरणिका आली. तीनशे प्रती. ते वाक्य सव्विसाव्या पानावर.

ठरवलं. शुद्धिपत्र काढतो. मंडळाच्याच सायक्लोस्टाइल यंत्रावर स्वतःच्या हातानं तीनशे चिठ्ठ्या काढल्या. 'पान २६: सातव्या खोलीत पहिले पाऊल दिवटी म्हणजे सिंधूताई, डोणगाव, यांचे पडले. ती खोली त्यांनीच शोधली.' समारंभाच्या सकाळी प्रत्येक प्रतीत एकेक सरकवायची, आणि भाषणात नाव घ्यायचं. रामराव काय करतील? नोकरी घेतील. घेऊ देत. आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

चिठ्ठ्या टेबलाच्या खणात आहेत.

१ मे, बुधवार

नाही केलं.

सकाळी सातला गेलो, खण उघडला, तोच रामराव आले. हातात लिफाफा. कायमचा आदेश, सहीशिक्क्यानिशी. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की वडिलांनाही बोलावलं आहे, गाडी पाठवली आहे. वडील आले. नवं धोतर, नवी टोपी. पहिल्या रांगेत बसवलं त्यांना. गळ्यात हार घातला.

मी खण बंद केला.

समारंभ वाचनालयातच होता. भाषणाला उठलो. वडील पाहत होते. नाव जिभेवर होतं, शपथ घेऊन सांगतो. मी म्हणालो, वाघनखांचे आपण सर्व ऋणी आहोत. टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वडिलांनी वाजवल्या.

मास्तर मागच्या खुर्चीवर होते. माझ्याकडे न पाहता उठून गेले.

टाळ्या थांबल्या तेव्हा कान दिला. कपाटांमागचा श्वास नाही.

२ मे, गुरुवार

नाही. सबंध सकाळ कान लावून बसलो. भिंत कोरडी ठणठणीत आहे.

बाराचं टपाल. एक कार्ड.

'आपण सातव्या खोलीत आहात. खोलीत कुणी नाही. कधीही कुणी नव्हते. आता काय करता?'

अक्षर माझं आहे. माझं स्वतःचं. ती आडवी रेघ, तो तुटका र – मी लिहिलेलं नाही. मी –

रामरावांकडे पळत गेलो. दोनदा बसावं लागलं वाटेत. सांगितलं सगळं. ते पोट धरून हसले. म्हणाले, झकास नाटक करता बुवा तुम्ही.

३ मे, शुक्रवार

अंगणात बाज टाकली आहे. बारा वाजले असतील. ऊन आहे, आभाळ आहे, बाजाराकडून बैलगाड्यांचा आवाज. निंबाची पानं हलताहेत – मला लागत नाही. वारा मला लागत नाही.

सकाळी शुद्धिपत्रं वाटायला निघालो. फाटकापर्यंत गेलो. फाटक उघडंच आहे. पुढे पाऊल टाकलं की हात भिंतीला लागतो. दिसत काही नाही. दगड. गार.

चारी बाजूंनी चाचपून पाहिलं, ती पाहायची तसं. कुठंच ओल नाही.

हाका मारल्या. सिंधूताई. ताई. तीनदा. ती असती तर – ती होती, इतके दिवस होती, दहा हातांवर, वाट दाखवायला बसली होती. मीच –

टपालवाला फाटकाशी येऊन गेला. हात केला त्याला. त्यानंही केला हात.

वडील अजून गावातच आहेत. रामरावांकडे जेवताहेत.

काडी पेटत नाही. अक्षर नीट येत नाही. ज्याच्या हाती ही वही लागेल त्यानं – माझ्या आधी इथं एक बाई होती. खोली तिनं शोधली. मी खोटं लिहिलं. तिचं नाव